गफुरी शिक्का

गेल्या महिन्यात आमच्या कडा गावात कारखाना रोडवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात बसलो होतो. घरातल्या लोखंडी खुर्चीचा पाय सुटला होता. पूर्वी असलं काम मी घरीच करत असे, पण आता हात थरथरतो, म्हणून दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसावं लागतं. दुकानदार आणि त्याचा एक मित्र जुन्या मोटारसायकलच्या कागदपत्रांबद्दल बोलत होते. मित्र म्हणाला, "कागद नीट बघून घे बे. गफुरी शिक्का असायचा." दोघं हसले.

मी विचारलं, गफुरी शिक्का म्हणजे काय.

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय सर?" दुकानदार म्हणाला. "पहिलं हितं एक गॅसवाला होता म्हणं. टाक्यांवर खोट्या तारखा मारायचा. सापडला मग."

त्यानं गफूरभाईंना पाहिलेलंही नव्हतं. गफूरभाई गाव सोडून गेले, त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे, आणि नाव तेवढं खोटेपणाला चिकटून मागं राहिलं. मी खुर्ची घेऊन घरी आलो. तिथं मी काही बोललो नाही. गफूरभाईंच्या बाबतीत गप्प बसण्याची ती माझी पहिली वेळ नव्हती.

तो शिक्का गफूरभाईंनी मारलेला नव्हता. हे माझ्याइतक्या खात्रीनं दुसरं कोणी सांगू शकणार नाही. पण त्याआधी गफूरभाई कसे होते ते सांगायला हवं, कारण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्याकडं आता तो एक शब्दच आहे.

ठेंगणा बांधा, रुंद खांदे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा सदरा आणि कमरेला सुतळीनं बांधलेली एक लोखंडी चावी. ही चावी सिलेंडरचा वॉल्व्ह उघडण्याची. चालताना ती मांडीवर आपटायची आणि तिच्या आवाजावरून गफूरभाई गल्लीत आल्याचं कळायचं. त्यांचा धंदा आर्गनचा. स्टीलचं बारीक वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूला हवा लागली तर सांधा काळा पडतो, सच्छिद्र होतो. म्हणून त्यावर आर्गन वायूचं पांघरूण धरावं लागतं. हा वायू नगरच्या एमआयडीसीतल्या प्लँटमध्ये भरून मिळतो, माणसाच्या छातीएवढ्या उंच, मोरपंखी रंगाच्या सिलेंडरमध्ये. कड्यात घरच्या घरी एखादं मशीन घेऊन बसलेल्या माणसाला एका सिलेंडरसाठी नगर गाठणं परवडत नाही. गफूरभाई आठवड्यातून दोनदा आपल्या तीनचाकी टेम्पोत सगळ्यांच्या रिकाम्या टाक्या गोळा करून नगरला जायचे आणि भरलेल्या घेऊन परत यायचे. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. आपली दिलेली टाकी आपल्याकडं परत येईलच असं नसे. ती कोणाकडं तरी जायची, कोणाची तरी आपल्याकडं यायची. सगळा व्यवहार एकमेकांच्या टाकीवरच्या विश्वासाचा, आणि तो विश्वास म्हणजे गफूरभाई.

कारण प्रत्येक सिलेंडरची काही वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते. ती झाली की चाचणी करणारा आपली खूण आणि महिना-वर्ष टाकीच्या वरच्या उतारावर, म्हणजे खांद्यावर, पंच या पोलादी ठशानं ठोकतो. मुदत उलटलेली टाकी प्लँटवाले भरत नाहीत, आणि भरू नयेच. आत केवढा दाब असतो, आणि गंजलेलं पोलाद त्याच्यापुढं कसं वागतं, हे मी सरकारी आयटीआयमध्ये वेल्डिंगचा निदेशक म्हणून तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं आहे. निवृत्तीनंतर कड्याला घर बांधलं, मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली आणि हौस म्हणून एक मशीन घेतलं. तिथून गफूरभाईंची ओळख झाली.

ते शिक्का अंगठ्यानं वाचायचे. चष्मा होता, पण तो खिशात. टाकी घेतली की आधी वॉल्व्हवरची लोखंडी टोपी फिरवून काढायची, अंगठा जिभेला लावायचा आणि खांद्यावरून सावकाश फिरवायचा. कोणी चेष्टा केली तर म्हणायचे, "डोळ्याला रंग चोपडून फसवता येतं. अंगठ्याला काय चोपडणार?" वाचून झालं आणि तारीख ठीक असली की एकच शब्द बोलायचे, "चालतंय." ठीक नसली तर काहीच बोलायचे नाहीत. टोपी परत घट्ट बसवायची, टाकी तिरकी करून बुडाच्या कडेवर फिरवत भिंतीशी न्यायची आणि उभी करून ठेवायची. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचं. समोरच्यानं कितीही हुज्जत घातली तरी नकाराचा शब्द तोंडातून निघत नसे.

एकदा एक बांधकाम ठेकेदार जीपमध्ये टाकी आडवी टाकून आला. टोपी नाही, वॉल्व्ह उघडा, शेजारी सिमेंटची पोती. ठेकेदार राजकारणातल्या एका घराण्याचा जावई होता, त्यामुळे उभ्या उभ्या काम होण्याची सवय. गफूरभाईंनी टाकी उतरवली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.

"कावून बे गफूर, घेत न्हाईस का?"

गफूरभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. ठेकेदारानं सासऱ्यांचं नाव काढलं, मग पोलीस ठाण्याचं, मग आणखी वरचं कुणाचं तरी. गफूरभाई आत गेले, एक जुनी टोपी शोधून आणली, आटे चिंधीनं पुसले आणि त्याच्या टाकीवर बसवून दिली. मग इतकंच म्हणाले, "साहेब, पडली आन् मुंडी तुटली तर ही टाकी भिंत फोडून जाती. मधी कुणाचा सासरा हाय ते बघत न्हाई." दुकानात बसलेले आम्ही सगळे हसलो. ठेकेदारही शेवटी हसला. टाकी मात्र चाचणी करूनच आणावी लागली त्याला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे टाकी कोरडी करू द्यायचे नाहीत. शेवटचा वायू ओढून काढला की आत हवा शिरते, ओल शिरते, आणि पुढच्या माणसाचं काम नासतं. हे मी शिकवत असे ते तांत्रिक भाषेत, गफूरभाई म्हणायचे, "सर, सगळी ओढू नका. परत यायपुरता श्वास ठेवा तिला." मी एकदा घाईत टाकी पार रिकामी केली. त्यांनी वॉल्व्ह उघडून कान लावला, फुस्स आवाजही आला नाही. माझ्याकडं असं पाहिलं की मला पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थ्यासारखं वाटलं.

आमच्या घरी टाकी आणली की ते दोन हातांनी दोन टाक्या एकाच वेळी फिरवत आणायचे, गाणारी बाई दोन तंबोरे सांभाळते तसे. भरलेल्या टाकीच्या वॉल्व्हला साबणाचा फेस लावून, बुडबुडा येतो का ते बघत मनात वीसपर्यंत मोजायचे. मग पायरीवर बसून चहा. आमच्या हिच्याशी त्यांचं चांगलं जमायचं. नसीम, त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा बारावीला होती. तिच्या अभ्यासाच्या गोष्टी ते मला न सांगता हिला सांगायचे.

मला ते फार मान द्यायचे. इतरांच्या टाक्यांवर अंगठा फिरवणारे गफूरभाई माझ्या टाकीला कधी हात लावून बघत नसत. "सरांची काय तपासायची? सरांनीच शिकवलंय समद्यांना." मला हे ऐकायला आवडायचं. चारचौघांत म्हणाले तर जास्तच.

एक दिवस त्यांनी कमरेची चावी सोडून माझ्या हातात दिली. प्लँटवर सगळ्यांच्या चाव्या सारख्याच, अदलाबदल होते, तर यावर गाळ्याचा नंबर ठोकून द्या म्हणाले. गाळा तेहेतीस नंबरचा. माझ्याकडं आयटीआयच्या काळापासूनचा आकड्यांच्या पंचांचा एक संच होता, लाकडी पेटीत. त्यातल्या इंग्रजी तीनच्या पंचाचा खालचा टवका उडालेला होता. कोणा प्रशिक्षणार्थ्यानं कधी तरी तो कडक पोलादावर मारला होता. मी चावीवर दोन तीन ठोकले. गफूरभाईंनी अंगठा फिरवला.

"तीनचं शेपूट तुटलंय, सर."

दुसरा पंच नाही म्हणालो.

"राहू द्या. कुटंबी वळखू येईल." पुन्हा एकदा अंगठा फिरवून म्हणाले, "चालतंय."

आता माझ्याबद्दल सांगायचं ते सांगतो.

तालुक्यातलं एक वर्कशॉप बंद पडलं आणि त्याचं सामान भंगारात निघालं. त्यात आर्गनची एक टाकी होती. गफूरभाईंना सहज विचारलं तर म्हणाले, "भंगारातली टाकी घेऊ नका सर. पोटात काय झालंय ते वरून दिसत न्हाई." मला ते लागलं. गॅसच्या टेम्पोवाल्यानं मला पोलादाबद्दल सांगावं? मी त्यांच्या माघारी ती टाकी घेतली. घासली, रंगवली, चार लोकांना दाखवली. तिची मुदत केव्हाच उलटली होती हे मला माहीत होतं. सवडीनं चाचणी करून आणू म्हणालो आणि शेडच्या कोपऱ्यात उभी केली.

त्याच सुमारास लिंबागणेशच्या देवळात रांगेसाठी स्टीलचे कठडे करून देतो असं मी बोललो होतो. चतुर्थीला ते लागायला हवे होते. वापरात होती ती टाकी मध्येच संपली आणि एका टाकीत उरलेलं काम भागणार नव्हतं. दोन रिकाम्या दिल्या तर दोन भरलेल्या मिळणार. दुसरी रिकामी माझ्याकडं होती, पण ती मुदत उलटलेली. चाचणीला पाठवायची म्हटलं तर दोन-तीन आठवडे गेले असते. गफूरभाईंना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाची तरी टाकी फिरवून दिलीही असती, ते त्यांच्या हातचं होतं. पण मग भंगारातून घेतलेली टाकी उघडी पडली असती, आणि "सांगितलं होतं सर" हे शब्द ऐकावे लागले असते. ते शब्द ते बोलले नसते हे मला आज कळतं.

दुपारी ही शेजारी गेली होती. मी टाकीच्या खांद्यावरचा रंग खरवडला. आधीच्या चाचणीची खूण पाहून तशीच खूण ठोकली. पुढं महिना आणि वर्ष. महिना मार्च धरला, म्हणजे तीन. हात तेव्हा थरथरत नव्हता. ठोके एका रेषेत पडले. वरून मोरपंखी रंगाचा एक हात दिला आणि जुना वाटावा म्हणून थोडी माती चोळली. शेपूट तुटलेल्या तीनचा मला विचारसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी गफूरभाई आले. दोन्ही टाक्यांच्या टोप्या घट्ट आहेत का तेवढं पाहिलं आणि टेम्पोत चढवल्या. अंगठा लावला नाही. सरांच्या टाक्या. मी शेडच्या दारात उभा राहून हे बघत होतो. थांबा म्हणायला अर्धं मिनिट तरी होतं माझ्याकडं.

कठडे वेळेवर लागले. लोकांनी कौतुक केलं. टाकी फिरत राहिली; आपणच नुकती भरून आणलेली टाकी गफूरभाई परत घेताना पुन्हा तपासत नसत. नंतर हिशोब लावला तेव्हा कळलं, ती तीन वेळा भरली गेली. म्हणजे तीन वेळा गफूरभाई तिला पाठीशी घेऊन, गचके खात नगरहून कड्याला आले, आणि तीन घरांत ती कोणाच्या तरी मशीनशेजारी उभी राहिली. त्या दिवसांत टेम्पोचा आवाज आला की मी दारात जाऊन बघायचो, आणि टेम्पो सुखरूप दिसला की मी स्वतःला सांगायचो, बघ, काही होत नाही.

चौथ्या वेळी प्लँटवर नवीन सुपरवायझर आला होता. त्यानं रंग खरवडून शिक्के पाहिले. खूण खोटी निघाली. टाकी चाचणीला लावली तेव्हा दाब सोडल्यावर ती मूळ मापावर आली नाही. आतून बुडाजवळ गंजानं खाल्लेली होती. त्यांनी ती कापली आणि गफूरभाईंना बोलावून घेतलं. म्हणाले, टाकी कोणाची त्याचं नाव आणा, नाहीतर तुमच्या टाक्या इथं भरायच्या नाहीत. गफूरभाईंनी तिथं कापलेला तुकडा हातात घेऊन अंगठा फिरवला, हे मला नंतर तिथल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं. बराच वेळ फिरवला म्हणे. मग म्हणाले, "माझ्या दुकानातनं आली, म्हंजे माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडं आले. चावीचा आवाज ऐकूनच मी उठून उभा राहिलो. ते नेहमीसारखे पायरीवर बसले नाहीत, शेडमध्ये आले आणि माझ्या कामाच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. टेबलावर पंचांची लाकडी पेटी होती. मी तिच्यावर फडकं टाकलं. त्यांनी ते पाहिलं की नाही, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

झालेली सगळी हकिकत त्यांनी शांतपणे सांगितली आणि म्हणाले, "प्लँटला अर्ज द्यायचाय, सर. तुमचं अक्षर चांगलं हाय. लिव्हून द्या."

मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी ते शुद्ध करून लिहीत गेलो. सदर सिलेंडर माझ्या दुकानातून आले. तपासण्यात माझ्याकडून चूक झाली. त्यावरील शिक्का मी मारलेला नाही. इथपर्यंत आल्यावर ते थांबले. बाहेर आमची ही भांडी घासत होती, तो आवाज मला आजही येतो.

"शिक्का कुणी मारला," ते म्हणाले, "ते कसं लिव्हायचं, सर?"

ते माझ्याकडं बघत होते. मी कागदाकडं बघत होतो. मी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "कोणा अज्ञात ग्राहकाने."

"अज्ञात म्हंजे?"

"ज्याची आपल्याला ओळख नाही असा."

"हां," ते म्हणाले.

मी पूर्ण अर्ज वाचून दाखवला आणि ते "चालतंय" म्हणतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी नुसती सही केली, कागद घडी करून वरच्या खिशात चष्म्यामागं ठेवला आणि उठले. हिनं चहा आणला होता. "आज नको वहिनी," म्हणाले.

अर्जाचा उपयोग झाला नाही. अज्ञात ग्राहकावर कोण विश्वास ठेवणार? नगरची दारं बंद झाली, दुसऱ्या प्लँटपर्यंत बातमी आधीच पोचली होती. टेम्पो गेला, गाळा गेला. कड्यात बोलणं सुरू झालं की गफूर खोटे शिक्के मारायचा, म्हणूनच त्याच्याकडं टाक्या इतक्या लवकर भरून मिळायच्या. बाजारातल्या हॉटेलात एकदा माझ्यासमोरच हा विषय निघाला. कोणी तरी माझ्याकडं वळून म्हणालं, तुमचं तर येणंजाणं होतं सर, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, "कोणाचं काय सांगता येतंय?" एका टाकीवर मी एकदा शिक्का मारला होता. या वाक्यानं तो मी त्यांच्यावर मारला. लोकांनी माना हलवल्या. सर म्हणाले म्हणजे असणारच.

पुढं कारखाना रोडवर दुसऱ्या एकानं गॅसची एजन्सी घेतली आणि गफूरभाई त्याच्याकडं टाक्या उतरवायच्या कामाला लागले. साठीच्या पुढं वय, आणि जे काम ते मालक म्हणून करायचे तेच आता दुसऱ्याच्या गाडीवर. माझ्या घरीही तेच यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी रिकामी टाकी पुढं केली. त्यांनी टोपी काढली, अंगठा जिभेला लावला आणि माझ्या टाकीच्या खांद्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग "चालतंय" म्हणून उचलली. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच. शब्दानं काही नाही, वागण्यात काही नाही, फक्त अंगठा. आणि चहा घेत नसत.

ही एकदा मला म्हणाली, "गफूरभाई चहा का घेत नाहीत हो आता?"

मी म्हणालो, त्यांना साखर झाली असेल. पुढं खरंच झाली. ही वारली तेव्हा ते येऊन अंगणात उभे राहिले आणि गेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी त्यांचे गुडघे आणि डोळे दोन्ही थकले आणि नसीम त्यांना दिंद्रुडला सासरी घेऊन गेली. जाताना ते मला भेटले नाहीत. मीही गेलो नाही.

त्या दुकानात गफुरी शिक्का हा शब्द ऐकला त्यानंतर आठ दिवसांनी मी तीनचा पंच रुमालात गुंडाळला आणि दिंद्रुडला गेलो. बीडला गाडी बदलावी लागते. बीडच्या स्टँडवर मी दोन गाड्या सोडल्या. तिसरीत बसलो.

नसीमचं घर विचारत विचारत सापडलं. गफूरभाई दारापुढच्या कट्ट्यावर बसले होते. अंगानं अर्धे झालेले, सदरा तसाच बाह्या दुमडलेला. डोळे उघडे होते पण त्यांना दिसत नव्हतं. कमरेला सुतळीत ती चावी अजून होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, "बसा, सर." चप्पल ओढत चालायची सवय माझी, त्यावरून ओळखलं असेल.

इकडचं तिकडचं काही मला सुचेना. मी रुमाल सोडला आणि पंच त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी तो चाचपला, टोक कुठलं ते शोधलं आणि अंगठा त्यावर ठेवला.

"उलटा हाय," म्हणाले. पंचावर आकडा उलटाच असतो. मग अंगठा खाली सरकला, टवका उडालेल्या जागेवर. तिथं थांबला.

मी म्हणालो, "तो शिक्का मी मारला होता, गफूरभाई."

ते म्हणाले, "हां."

हेच ते "हां", माझ्या शेडमध्ये अर्ज लिहिताना ऐकलेलं. मी विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, मग तुम्ही अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडं का आलात?

"नसीम बारावीला होती. तिचं अक्षर तुमच्यापरीस चांगलं हाय, सर." अंगठा पंचावरच होता. "म्हणलं, लिव्हता लिव्हता तरी थांबतील."

नसीम दारात उभी होती. ती आत गेली.

मी म्हणालो, तुम्ही प्लँटवर माझं नाव सांगायचं होतं.

"टाकी मी घेतली. बघायचं काम माझं होतं, म्या न्हाई बघितलं. तेवढं माझं." मग म्हणाले, "पर शिक्का माझा न्हवता." आणि जरासं हसून, "आता माझ्या नावाचाच शिक्का निघालाय म्हणं कड्यात. जावयाला कुणीतरी सांगितलं. मोठं नाव झालं."

मी हात जोडले. त्यांना दिसत नव्हते, म्हणून तोंडानं सांगितलं की मला माफ करा.

"मला सांगून काय, सर? मला तर ठावं हाय." ते म्हणाले. "कड्याला सांगा."

म्हणून हे लिहिलं आहे. ती टाकी माझी होती, भंगारातून घेतलेली. खोटी खूण आणि खोटी तारीख मी, आयटीआयच्या निदेशकानं, माझ्या शेडमध्ये, माझ्या पंचांनी ठोकली. गफूरभाईंनी आयुष्यात बाहेरची टाकी न तपासता घेतली ती फक्त माझी. नगरच्या प्लँटला मी स्वतंत्र पत्र पाठवलं आहे. या लेखाची एक प्रत कारखाना रोडवरच्या त्या दुकानदाराला नेऊन देणार आहे, आणि बाजारातल्या त्या हॉटेलात, जिथं मी ते वाक्य बोललो होतो, तिथं बसून वाचून दाखवणार आहे. तिथल्या तेव्हाच्या माणसांपैकी तिघं अजून येतात.

त्या दिवशी दिंद्रुडला नसीमनं चहा आणला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण कप हातात दिला. आम्ही दोघांनी चहा घेतला. गफूरभाईंचा बिनसाखरेचा होता. निघायची वेळ झाली तरी पंच त्यांच्या डाव्या हातातच होता आणि अंगठा अधूनमधून त्यावरून फिरत होता, टाकीच्या खांद्यावरून फिरायचा तसाच, सावकाश. मी उठलो, पण पाय निघेना. मी कोणत्या शब्दाची वाट बघत होतो ते त्यांना कळलं असणार.

त्यांनी शेवटचं एकदा अंगठा फिरवला. मग वाकून, हातानं जागा चाचपत, तो पंच कट्ट्याच्या कडेला भिंतीशी नीट उभा करून ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"सावकाश जा, सर," ते म्हणाले.